गोठ्याच्या उंबऱ्याबाहेरचा बूट

"पावणं, आत लोखंड हाय."

चांदी डावीकडं रेलते. कायम डावीकडं.

जुन्या कॅलेंडरचं एक पान, कात्रीनं पायाच्या आकाराचं कापलेलं.

आजऱ्याच्या लग्नात, पंगतीत, नवरीपेक्षा माझ्याकडं जास्त जणांनी बघितलं.

कोंबडीला अंडं घालायला कुठलीही जागा चालते.

दोरा तळव्याला टेकला. कुणालाच कळलं नाही.

मित्रांनो, असं तुकड्यातुकड्यानं सांगू नये, हे मला माहीत आहे. आत्मवृत्तात आधी जन्म सांगतात, मग काम, मग कौतुक, मग हाल, आणि शेवटी विनंती. पण मला नीट क्रमानं सांगायला बसवत नाही. सांगता सांगता मधेच लक्ष गोठ्याकडं जातं. आत्ताही गेलं होतं. काही नाही, रेडकू हललं.

मी बूट. जोडीतला डावा. 'मी एक जुना बूट आहे' असं म्हणता आलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. जुनं होणं म्हणजे वापरलं जाणं. मी बराच काळ नवाच राहिलो, आणि माझी सगळी गोष्ट त्या नवेपणाची आहे.

जन्म, घाईत

जाड चामडं. खाली रबराचा तळ, त्यावर खोल नक्षी, ओल्यात घसरू नये म्हणून. पुढच्या टोकात, चामड्याच्या दोन थरांमध्ये, लोखंडाची एक वाटी. कारखान्यात डावा एका टेबलावर तयार होतो, उजवा दुसऱ्या. आमची भेट खोक्यात झाली. उजवा फारसा बोलत नाही. तो काळजीही करत नाही. त्याच्या वाटची मीच करतो.

त्या लोखंडी वाटीमुळं मला माझं काम फार लवकर कळलं. कधीतरी काहीतरी जड खाली येणार आहे. ते आणि बोटं, यांच्या मधे मी असलं पाहिजे. एवढंच. मधे असणं.

निवड

कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात मी फळीवर होतो. हातमोजे, फवारणीचे पंप, हेल्मेट, दोरखंड, असं सगळं तिथं मिळायचं. एका संध्याकाळी हंबीरराव आणि त्यांची बायको वर्षाराणी दुकानात आले. जोतिबाच्या डोंगराखालच्या गावात त्यांचं घर. मागं गोठा, गोठ्यात तीन म्हशी. म्हशी वर्षाराणीच्या होत्या. म्हणजे वैरण, धार, शेण, संस्थेत दूध घालणं, सगळं तिचं. हंबीरराव ऊस बघायचे.

वर्षाराणीला शुगर होती. बरीच वर्षं. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगून तळव्याला एक बारीक दोरा टेकवला होता आणि म्हटलं होतं, लागला की सांगा. ती डोळे मिटून वाट बघत बसली. दोरा केव्हाच टेकवून झाला होता. बाई म्हणाल्या, पाय आता तुम्हाला काही सांगणार नाहीत, खिळा लागला तरी नाही, निखारा लागला तरी नाही. जखम चिघळली तर पाय जाईल. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, आणि गोठ्यात तर मुळीच नाही. दुकानदारानं "घालणार कोण" असं विचारल्यावर हंबीररावांनी ही सगळी हकीकत त्याला सांगितली. मी फळीवरून ऐकली. तेव्हापासून मला चैन नाही.

"गमबूट घ्या की वहिनीस्नी," दुकानदार म्हणाला. "हलका. धुतला की झालं."

हंबीररावांनी गमबूट कापड पिळावं तसा पिळून बघितला. "ह्यात पाय उकडून निघतोय. आन म्हशीनं पाय दिला तर?"

"म्हशीनं पाय दिला तर कशात काय उरतंय, पावणं." मग तो थांबला, वर बघितलं आणि मला खाली काढलं. "ह्यो बघा. आत लोखंड हाय." त्यानं तराजूतलं वजन उचलून माझ्या टोकावर आपटलं. मला काही झालं नाही. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

हंबीरराव बैल पारखावा तसं मला पारखू लागले. शिवण नखानं उचकटून बघितली. तळ वाकवला. वास घेतला. मग पाण्याचा तांब्या मागितला, माझ्या आत पाणी ओतलं आणि खालून कुठं ठिबकतंय का ते बघत मला डोक्यावर धरून उभे राहिले.

"किती वर्सं जाईल?"

"तुमच्या मागंबी ऱ्हाईल."

"मग माझ्या तेराव्याला तूच घालून ये."

"अवो, माझ्यासाठी घ्यायलाय का नातवंडास्नी?" वर्षाराणी म्हणाली.

मग तिनं पाय घालून बघितले. माझ्यात नाही. आधी माझ्यासारख्याच, पण एक नंबर लहान जोडीत. तोंड उजळलं तिचं. "ह्योच बरा. गच्च बसतोय. त्यो मोठा पायात हाय का न्हाय, तेच कळंना."

मी घाबरलो. मित्रांनो, ज्या पायाला कमी कळतं त्याला घट्ट बूटच बरोबर वाटतो, कारण तेवढाच त्याला जाणवतो. तो बूट बोटं चेपतो, कातडं सोलतो, आणि पाय म्हणतो, छान आहे. मला ओरडून सांगायचं होतं. बुटाला जीभ असते, पण ती त्या कामाची नसते.

हंबीररावांनी खिशातून कॅलेंडरचं एक पान काढलं. वर्षाराणीला त्यावर उभं करून पेन्सिलीनं पायाची कड काढली होती आणि ती कापून आणली होती. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेली युक्ती. तो कागदाचा पाय त्यांनी लहान बुटात सरकवला. दोन्ही बाजूंनी कागद दुमडला. मग माझ्यात घातला. सपाट पडला, कुठं दुमडला नाही.

"ह्यो घे," हंबीरराव म्हणाले.

"सैल हाय, अवो."

"असू दे. कागद खोटं बोलत न्हाय."

पायाला सूज असते म्हणून संध्याकाळी आले. माप बघून घेतलं. लोखंड बघून घेतलं. पाणी ओतून बघितलं. निवडीत त्यांनी एकही चूक केली नाही. हे मी पुन्हापुन्हा सांगतो, कारण पुढं जे झालं ते निवडीमुळं झालं नाही.

उंबरा

पहिली सकाळ. तिनं मोजे चढवले, आमच्यात पाय घातले, नाड्या बांधल्या. अंगण ओलांडलं. शेणाचा वास आला, वैरणीचा आला, मला वाटलं, आलं माझं काम.

गोठ्याच्या उंबऱ्याशी ती वाकली. नाड्या सोडल्या. मोजे काढून आमच्यात कोंबले. आम्हाला भिंतीकडेला ठेवलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी आत गेली.

मला वाटलं, काहीतरी विसरली असेल. येईल परत.

गोठ्यात पायताण घालून जायचं नाही. तिथं लक्ष्मी असते. तिला हे कुणी बजावलं नव्हतं. तिची सासू, धोंडुबाई, एका शब्दानं काही बोलली नव्हती. पण वर्षाराणीची आई अशीच जायची, सासू अशीच जाते, ती स्वतः लग्न होऊन आल्यापासून अशीच जाते. देवळाबाहेर चप्पल काढताना कुणी विचार करतं का? तिचे हात आपोआप नाड्यांकडं गेले.

तिनं डॉक्टरीणबाईंचं ऐकलं नाही असं म्हणू नका. अंगणात बूट. रस्त्यावर बूट. न्हाणीतसुद्धा रबरी चप्पल. सगळीकडं ऐकलं. फक्त उंबऱ्याच्या आतलं जग त्या सांगण्यात येतं, असं तिच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मी बाहेर. भिंतीकडेला. टोकात लोखंड घेऊन.

आत तीन म्हशी. बारा खूर. मी खूर ऐकायला शिकलो. फरशीवर सरकला तर घसरल्यासारखा आवाज. शेणात पडला तर मऊ. पायावर पडला तर कसा येईल, हे मला माहीत नव्हतं. रोज तोच आवाज ऐकू येईल म्हणून कान लावून बसायचो.

कौतुक

हे लवकर उरकतो.

संस्थेत दूध घालायला ती आम्हाला घालून जायची. तिथं बायका म्हणायच्या, "काय वर्षावयनी, पोलिसात भरती झालासा?" ती म्हणायची, "व्हय, तुझ्याच घरावर धाड टाकायला आलोय." आजऱ्याच्या लग्नात पैठणीखाली आम्ही होतो. जावा हसल्या, मग त्यांच्यातल्या एकीनं गुपचूप विचारलं, कुठं मिळतो हा जोड.

हंबीरराव महिन्यातून एकदा आम्हाला तेल पाजायचे. आपल्या कोल्हापुरी चपलांना पाजतात तसं, बोटानं, मन लावून. नको होतं मला तेवढं. पण त्या वेळी ते मला उलटा करून तळ बघायचे आणि त्याची मला धास्ती असायची. तळाच्या नक्षीत अंगणातलं शेण भरलेलं असायचं. ते बघून त्यांचं समाधान व्हायचं.

"चालतंय की काम बुटाचं," ते म्हणायचे.

टोक बघा, मी म्हणायचो. तळ नको, टोक बघा. टोकावर एक ओरखडा नाही. गोठ्यात राबलेल्या बुटाचं टोक असं असतं का?

ते तेलाची वाटी उचलून घरात जायचे.

खूर

बेंदराचा सण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आदल्या दिवशी म्हशींना धुऊन, शिंगांना रंग लावून, खुरांना हळद लावली होती. फरशी अजून ओली होती. धोंडुबाई दारात वैरण निवडत बसल्या होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर.

वर्षाराणी चांदीची धार काढत होती. चांदी मुऱ्हा जातीची म्हैस, अंगानं दांडगी, आणि डावीकडं रेलायची खोड. चरवीत धारेचा आवाज लागला होता. बोलत होती ती सासूशी.

"आत्याबाई, त्या वरच्या आळीतल्या बाळाबाईनं म्हस इकून काढली म्हणं."

"काढंल न्हाय तर काय. सून गोठ्यात पाऊल टाकंना तिची."

तेव्हा तो आवाज आला. लहान, ओला, दबका. मी जन्मभर ओळखीन असा. फरशीवर पडलेला नव्हता. शेणातही नव्हता.

मी वाट बघितली. ती ओरडेल. चरवी पडेल. म्हशीला रट्टा बसेल.

धार चालूच राहिली.

"त्या सुनंला नोकरी हाय न्हवं शाळंत," वर्षाराणी म्हणाली. चर्र, चर्र. "तिला कुठला येळ."

"येळ असतोय. मन नसतंय."

चर्र, चर्र.

चांदी तिच्या डाव्या पायावर उभी होती आणि ती बाळाबाईच्या सुनेची बाजू घेत होती. मी तिथं होतो, मित्रांनो. हातभर अंतरावर. लोखंडासकट.

धार संपली तेव्हा ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. तिनं खाली बघितलं. चांदीला ढकलली. "सरक गं," एवढंच म्हणाली. मग चरवी घेऊन बाहेर आली. उंबऱ्यापाशी येईपर्यंत फरशीवर एक पाऊल शेणाचं आणि एक पाऊल लाल, असं उमटत आलं होतं. ते आधी धोंडुबाईंनी बघितलं.

"वर्षा. थांब. हलू नको."

"काय झालं, आत्याबाई?"

तिनं खरंच विचारलं होतं. तिला माहीत नव्हतं.

यातलं सगळं सांगणार नाही

तिला गाडीतून कोल्हापूरला नेलं. आम्हाला नेलं नाही. आम्ही भिंतीकडेलाच राहिलो. पाऊस तिरका आला की आत पाणी साचायचं, ऊन पडलं की चामडं आक्रसायचं. उजव्या बुटात कोंबडीनं बस्तान मांडलं. धोंडुबाई एवढ्या वयात धारा काढायला लागल्या, त्याही अनवाणी. येता-जाता आमच्याकडं बघायच्या.

फोनवरचे शब्द कानावर पडायचे. पू. साखर उतरत नाही. वर चढतंय का बघायचं. घोट्यापर्यंत गेलं तर. त्या 'तर'च्या पुढं हंबीरराव फोन घेऊन अंगणाच्या टोकाला जायचे.

पुढचं एवढंच, की ती घरी आली. काठी टेकत, पाऊल भलंमोठं बांधलेलं. पाय वाचला होता. पण पुन्हा असं झालं तर वाचेल याचा भरवसा डॉक्टरीणबाईंनी दिला नव्हता.

सोपा

घराच्या पुढच्या सोप्यात ती कॉटवर बसली होती. हंबीरराव उभे.

"म्हशी काढूया," ते म्हणाले.

"का?"

"का म्हंजे? अजून एक पाय हाय म्हणून?"

"म्हशी काढून मी काय करू? हितं बसून भिंतीची पापुद्रं मोजू? त्या दुधावर घर चाललंय, आन माझं डोस्कं त्या म्हशींमुळं ठिकाणावर हाय."

हंबीरराव तडक बाहेर आले. मला वाटलं, मला उकिरड्यावर टाकणार. त्यांनी मला उचललं, कोंबडीला हुसकलं, उजव्यालाही उचललं आणि आत नेऊन कॉटपुढं आपटलं. "ह्यो लोखंडाचा बूट. दुकानात वजन आपटून आणलेला. ह्यातनं म्हशीचा पाय लागतोय कसा?"

आणि तेव्हा, पहिल्यांदा, त्यांनी टोक बघितलं. बोट फिरवलं त्यावरून. एकदा. पुन्हा.

"एक ओरखडा न्हाय," ते हळू म्हणाले. "तू गोठ्यात घालत नव्हतीस."

वर्षाराणीनं बांधलेलं पाऊल कॉटखाली ओढून घेतलं.

"उंबऱ्याशी काढत हुती," धोंडुबाई दारातून म्हणाल्या. "रोज. मी बघत हुतो."

"आन बोललीस न्हाईस, आई?"

"मला कुठं ठाव त्येच्यात लोखंड हाय म्हणून. मला वाटलं, थंडीसाठी घातलाय." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं हुतं काढायला?"

"त्ये काय सांगाय लागतंय व्हय, आत्याबाई? पायताण घालून लक्ष्मीपुढं जाऊ?"

"लक्ष्मीनं मान राखला का तुझा? चांगला पाय दिला की ठेवून."

हंबीरराव हसले नाहीत. वर्षाराणीच्या ओठांना किंचित हसू आलं, पण मान खालीच. "मला न्हाय जमायचं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तर घालीन. पर सगळा येळ जीव तिथंच अडकंल. धार सुटायची न्हाय."

मला हे कळलं. हुकमानं घातलेला बूट ती पुन्हा कधीतरी, कुणी बघत नसताना, काढणार होती. माझी काळजी तिथंच होती. आता निदान सगळ्यांना ठाऊक होती.

धोंडुबाई पुढं आल्या. मला उचलून त्यांनी वजन बघितलं. लोखंडाच्या जागी नखानं वाजवलं. परत ठेवलं.

नवमी

खंडेनवमीला घरातली अवजारं धुऊन पाटावर मांडतात, हे तुम्हाला माहीत असेल. विळे, खुरपी, कोयता, कुदळ. वर्षाराणी तेव्हा काठीशिवाय चालायला लागली होती. पाटाच्या कडेला दुधाची चरवी होती. धोंडुबाई अंगणात गेल्या आणि आम्हाला घेऊन नळाखाली बसल्या. तळाच्या नक्षीतलं शेण काडीनं काढलं. आत राख घालून घासलं. मग उन्हात कोरडं करून आम्हाला आत आणलं आणि कुदळीशेजारी पाटावर ठेवलं.

"आई," हंबीरराव म्हणाले, "पायताण पाटावर?"

"पायताण कुठलं? ह्ये लोखंड न्हवं? कुदळीला लोखंड, ह्येला लोखंड." त्यांनी माझ्या टोकाला हळदीचं बोट लावलं, मग उजव्याच्या. वर कुंकू. "ह्ये अवजार हाय. अवजार गोठ्यात चालतंय. फावडं न्हाय का चालत?"

"फावडं रस्त्यावर फिरत न्हाय, आत्याबाई," वर्षाराणी म्हणाली. ती अजून तयार नव्हती.

"मग ह्येबी न्हाय फिरणार. आजपासनं उंबऱ्याच्या आत. हितनं भायेर काढायचं न्हाय, संस्थेत न्हाय, लग्नात न्हाय. रस्त्याला दुसरं घे."

वर्षाराणीनं माझ्या टोकावरचं हळदकुंकू बघितलं. मग वाकली. पाटावरच्या इतर अवजारांना केला तसा आम्हालाही तिनं हात जोडून नमस्कार केला. माझा जीव भांड्यात पडला. जिला आपण नमस्कार केला त्या वस्तूला तिनं आजवर कधी बाहेर ठेवलेलं नाही.

आता मी गोठ्याच्या आत खुंटीखाली राहतो. उंबऱ्यावर ती रस्त्याची चप्पल काढते, आतल्या बाजूच्या चौरंगावर बसते, मला उपडा करून झटकते, आत हात घालून बघते आणि मग पाय घालते. हळद केव्हाच गेली. टोक खरवडलं आहे, शिवणीत शेण आहे, तळाची एक कड झिजली आहे. मी जुना व्हायला लागलो आहे.

परवा चांदी डावीकडं रेलली. खूर आला तो थेट माझ्यावर. टक्. लोखंडानं धरलं. म्हशीचा सगळा भार मी पेलला आणि माझ्या आत काही हललं नाही. वर्षाराणी धोंडुबाईंशी बोलत होती. चर्र, चर्र. तिला याही वेळी काही कळलं नाही. कळलं फक्त मला.

मला वाटलं होतं, असं झालं की काळजी संपेल. संपली नाही. चांदी अजून रेलते. शिवण किती दिवस धरेल, कुणास ठाऊक.

मित्रांनो, म्हणून एक मागणं. तुमच्या घरात कुणाच्या पायांना कळत नसेल, तर रोज दिवेलागणीला त्यांचे तळवे तुम्ही बघा. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. त्यांना विचारू नका, ते 'काही नाही' म्हणतील आणि खोटं बोलत नसतील. त्यांच्यासाठी बूट घ्याल तो भक्कम घ्या, मापाचा घ्या, पण घेऊन थांबू नका. तो कुठं काढून ठेवला जातो, तेही एकदा जाऊन बघा.

मघाशी गाळलं ते एवढंच: वर्षाराणीच्या डाव्या पायाची करंगळी त्याच श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात काढली होती.